आमची वाटचाल : सुतळी-सफेद्यापासून सोल्युशनपर्यंत

सोलापुरात प्लंबिंगचं सामान विकायचं आणि घरांची कामंही घ्यायची, असा आमचा दुहेरी धंदा आहे. सुरुवात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपवर झाली. तेव्हा दुकानाच्या दारात व्हाईस (पाईप पकडायचा शिकंजा) आणि आटे पाडायची डाय मांडलेली असायची. गिऱ्हाईक मापं सांगायचं, तुकडे कापून आटे पाडून द्यायचे. आता त्या जागी पीपीआरचं, म्हणजे वितळवून जोडायच्या प्लॅस्टिक पाईपचं, वेल्डिंग मशीन आहे. मधल्या काळात पाईप बदलत गेला आणि दर बदलाला जोडाची विद्या नव्यानं शिकावी लागली. गळतीची तक्रार आली की पाईप मधेच फुटलेला क्वचित सापडतो. बहुतेक वेळा जोड गेलेला असतो, आणि तो जातो एका पाईपचं औषध दुसऱ्याला लावल्यामुळे.

जीआय आजही आम्ही ठेवतो, पण वर्ग विचारल्याशिवाय देत नाही. आयएस (भारतीय मानक) १२३९ प्रमाणे ए वर्गाला पिवळा पट्टा असतो, बी ला निळा, सी ला लाल. अर्धा इंची पाईपची जाडी ए मध्ये २ मिमी, बी मध्ये २.६ आणि सी मध्ये ३.२. या मापाला इंचात १४ आटे बसतात आणि आट्याची खोली जवळजवळ १.१६ मिमी भरते. म्हणजे ए वर्गाच्या पाईपवर आटे पाडले की तळाशी जेमतेम ०.८ मिमी लोखंड उरतं, तेही जस्त खरवडलेलं. गंज तिथूनच सुरू होतो. पिवळ्या पट्ट्याचा पाईप स्वस्त पडतो तो रेलिंगला किंवा मांडवाला; पाण्याला निदान बी घ्या.

त्या काळात आट्यांवर सुतळीचे धागे आणि सफेदा, म्हणजे रंगासारखी पांढरी लेई, चालायचा. आटे हॅक्सॉच्या पात्यानं थोडे खरबरीत करायचे, धागे आट्यांच्या दिशेनं गुंडाळायचे, वरून सफेदा फासायचा. ही पद्धत जुनी म्हणून हसण्यासारखी नाही. सुतळीचा एक गुण टेफ्लॉनला (आट्यांवर गुंडाळायच्या पांढऱ्या टेपला) नाही: नळ घट्ट करताना तोंड जरा पुढे गेलं तर पाव फेऱ्याच्या आत मागे आणता येतं, जोड गळत नाही. टेफ्लॉनचा जोड मागे फिरवला की संपला. उघडून, साफ करून पुन्हा गुंडाळावा लागतो. पण सुतळी ओली असेपर्यंतच फुगलेली राहते. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, मीटरपासून हौदापर्यंतची लाईन मधले दिवस कोरडी पडते. सुतळी सुकून आकसते आणि पाणी आल्यावर जोड काही वेळ ठिबकतो. शिवाय रिकाम्या लाईनीत हवा आणि ओल आलटून पालटून राहिल्यानं जीआय आतून लवकर गंजतो. जुन्या सफेद्यात शिसं असायचं, म्हणून पिण्याच्या पाण्याला तो नकोच.

टेफ्लॉन टेप दिसायला सोपी, पण सर्वाधिक चुका तिच्यातच होतात. आट्याचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ताणून गुंडाळायचं, म्हणजे फिटिंग (पाईपला लागणारा जोडतुकडा) बसवताना टेप सुटत नाही. पहिला आटा मोकळा सोडायचा. नाहीतर टेपचे तुकडे पाण्याबरोबर जाऊन मिक्सरच्या काट्रिजमध्ये किंवा नळाच्या जाळीत अडकतात. बाजारातली पातळ टेप असेल तर अर्धा इंचीला आठ-दहा वेढे लागतात, जाड टेपला चार-पाच पुरतात. हातानं घट्ट होईल तेवढं फिरवून मग पान्यानं एक ते दीड फेरा. आणि जिथे वायसर (वॉशर) आहे तिथे टेप लावायचीच नाही. अँगल कॉकला (भिंतीतल्या पॉइंटवरच्या छोट्या कॉकला) जोडायच्या कनेक्शन पाईपच्या नटमध्ये रबरी वायसर असतो, पाणी तो अडवतो. त्या आट्यांवर टेप गुंडाळली की नट पुरता बसत नाही, वायसरवर दाब येत नाही आणि गळती थांबायच्या ऐवजी सुरू होते. गिऱ्हाईक मग आणखी टेप न्यायला येतं.

पुढे पांढरा यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा पाईप आला. गंज नाही, आत क्षार धरत नाही, बोअरच्या जड पाण्याला त्यामुळे फार बरा. गरम पाण्याला मात्र तो नाही. आटेवाला यूपीव्हीसी घ्यायचा असेल तर शेड्यूल ८० च, म्हणजे जास्त जाडीचाच घ्यावा. शेड्यूल ४० वर आटे पाडले की पाईपची भिंत इतकी पातळ होते की पान्याच्या पहिल्या जोरालाच तडा जातो. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पीव्हीसी पाईपमधल्या शिसेयुक्त स्टॅबिलायझरवर (पाईप बनवताना मिसळायच्या द्रव्यावर) बंधनं आणणारे नियम काढले. तेव्हापासून पिण्याच्या पाण्याचा पाईप घेताना आयएसआय खुणेबरोबर शिसेविरहित असल्याचा छापही आम्ही बघतो. पाईपच्या अंगावर तो छापलेला असतो, वाचायला चष्मा लागला तरी वाचावा.

घरकामाचं सगळं गणित बदललं ते सीपीव्हीसीनं. हा क्रीम रंगाचा पाईप आपल्याकडे १९९९ च्या सुमारास आला आणि थंड-गरम दोन्ही लाईनी एकाच मालात होऊ लागल्या. आयएस १५७७८ खाली त्याचे दोन प्रकार दुकानात मिळतात, एसडीआर ११ आणि एसडीआर १३.५. हा आकडा म्हणजे बाहेरच्या व्यासाला जाडीनं भागल्यावर येणारं उत्तर, त्यामुळे आकडा लहान तितका पाईप जाड. पाऊण इंचीचा बाहेरचा व्यास २२.२ मिमी, म्हणजे ११ मध्ये जाडी सुमारे २ मिमी आणि १३.५ मध्ये १.६५. एसडीआर ११ हा २३ अंशांना २८ किलोच्या (दर चौरस सेंमीला) आसपास दाब घेतो, पण पाणी ८२ अंशांचं झालं की तोच पाईप ७ किलोवर येतो. म्हणून गरम लाईनीला आम्ही ११ च देतो. गच्चीवरच्या टाकीचा दाब दहा मीटर उंचीला एक किलो. त्यामुळे थंड पाण्याला साध्या घरात १३.५ पुरून उरतो.

सोल्युशन म्हणजे प्लॅस्टिक पाईप जोडायचं डब्यातलं द्रव. त्याच्या जोडाबद्दल एक समज पक्का बसलाय की ते डिंकासारखं चिकटवतं. प्रत्यक्षात सोल्युशन पाईपचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. त्यामुळे पीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला लावून चालत नाही. थंड पाण्यात महिने निघतात, गरम पाणी सोडलं की जोड सुटतो. जोड करताना पाईप काटकोनात कापा, आतली-बाहेरची बुरी (कापताना राहिलेला कीस) काढा, कडेला हलका उतार द्या. उतार दिला नाही तर धारदार कड सॉकेटमधलं (फिटिंगच्या तोंडातलं) सोल्युशन खरवडत पुढे ढकलते. आधी कोरडा बसवून बघा: पाईप सॉकेटमध्ये एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन अडला पाहिजे. सैल पडून तळाला टेकत असेल तर पाईप आणि फिटिंग एकमेकांच्या मापाचे नाहीत. मग पाईपवर भरपूर आणि फिटिंगमध्ये पातळ सोल्युशन लावा, पाव फेरा देत तळापर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. सॉकेट आत निमुळतं असतं, त्यामुळे लगेच सोडलं तर पाईप स्वतःच मागे सरकतो. जोडाभोवती सोल्युशनची सलग कड दिसली तर काम झालं. एखाद्या बाजूला कड तुटली असेल तर तिथेच गळणार.

सोलापूरच्या उन्हाळ्यात याला आणखी एक काळजी जोडावी लागते. पारा ४० च्या वर असला की गच्चीवर सोल्युशन ब्रशवरच सुकायला लागतं. आम्ही अशी कामं सकाळी उरकतो, पाईप-फिटिंग सावलीत ठेवतो आणि डबा दर जोडानंतर बंद करतो. मोठा डबा स्वस्त दिसतो, पण उघडा राहून जेलीसारखा झाला की फेकावाच लागतो. त्यात थिनर घालून पातळ करणारे मिस्त्री आहेत, त्यांना पुढच्या गळतीचं काम पुन्हा मिळतं. घरगुती कामाला ५९ किंवा ११८ मिलीचा डबा घ्या.

सीपीव्हीसीला काय लावू नये याची यादी लांब आहे. तेल, ग्रीस, ऑइल पेंट, तेलात कालवलेलं वाळवीचं औषध, मऊ पीव्हीसीची काळी इलेक्ट्रिक टेप. यांतली द्रव्यं प्लॅस्टिकमध्ये शिरतात आणि जिथे ताण आहे तिथे बारीक तडे पाडतात. हवा बंद झाल्यावर आट्यांत घट्ट होणारं द्रव थ्रेड सीलंट लोखंड-पितळेसाठी उत्तम, पण प्लॅस्टिकच्या आट्यांवर ते लावलं की तीच गत. सीपीव्हीसीच्या आट्यांवर आम्ही फक्त टेफ्लॉन वापरतो. उन्हातल्या पाईपला रंग द्यायचा तर पाण्यात मिसळणारा पांढरा ॲक्रिलिक.

नळ, शॉवर, गीझर जिथे धातूला जोडायचे तिथे पितळी आट्यांची फिटिंग हवी. प्लॅस्टिकच्या आतल्या आट्यांत लोखंडी निपल (बाहेरून आटे असलेला छोटा तुकडा) घट्ट केली की ती पाचरीसारखी शिरते आणि फिटिंग उभी चिरते. कधी त्याच दिवशी, कधी फरशी बसल्यावर. एका बाथरूमला वॉल मिक्सरचे २, शॉवरचा १, बेसिनचे २, फ्लश टाकीचा १, हेल्थ फॉसेटचा (कमोडजवळच्या हातफवाऱ्याचा) १ आणि गीझरचे २ असे ९ पितळी पॉइंट धरायचे. पैसे वाचवायचे तर टाईल्समध्ये वाचवा, या नऊमध्ये नको.

गरम लाईन लांबते हे विसरलं जातं. १० मीटर सीपीव्हीसीला ४० अंशांचा फरक मिळाला की तो सुमारे अडीच सेंमी वाढतो. दोन्ही टोकं सिमेंटमध्ये पक्की असतील तर वाढ एल्बोवर (कोपऱ्याच्या जोडावर) येते. लांब सरळ लाईनीत एखादा वळसा द्यावा, क्लॅम्प तीन-तीन फुटांवर लावावे आणि ते पाईपला सरकू देतील इतपतच आवळावे. इथे घरोघरी सोलर आहेत. मे महिन्यात पाणी वापरलं गेलं नाही तर टाकीतलं तापमान सीपीव्हीसीच्या मर्यादेला भिडू शकतं, म्हणून सोलरच्या टाकीतून निघणारा पहिला पाच-सहा फुटांचा तुकडा आम्ही धातूचा टाकतो आणि हवेचा पाईप मोकळा आहे ना ते बघतो. गीझरला फूटभर धातूचा लवचिक पाईप, आणि त्याचा प्रेशर व्हॉल्व्ह काढून तिथे प्लग मारायचा नाही. ही गोष्ट गिऱ्हाईकाला आम्ही दोनदा सांगतो.

पीपीआरला सोल्युशनही नको आणि टेपही नको. मशीन २६० अंशांना तापवून पाईप-फिटिंग वितळवून जोडायची. २० मिमीला ५ सेकंद, २५ ला ७, ३२ ला ८. जास्त वेळ धरलं की वितळलेला माल आत गोळा होऊन भोक बारीक होतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. जोडल्यावर पिळायचं नाही, दोन-चार मिनिटं हलवायचं नाही. दुरुस्तीच्या वेळी पाईपात पाणी झिरपत असेल तर वेल्ड धरत नाही. उन्हात उघड्यावर पीपीआर लावायला आम्ही नाखूश असतो.

जमिनीखालचं गणित काळ्या मातीमुळे वेगळं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेल्या लाईनीचे जोड ओढते. हौदापर्यंत एचडीपीईची, म्हणजे लवचिक प्लॅस्टिक पाईपची सलग गुंडाळी टाकली तर मधे जोडच येत नाही. खाली-वर चार-चार इंच वाळू भरायची, काळी माती थेट पाईपवर नाही. ड्रेनेजला आयएस १३५९२ चा टाईप बी लागतो. टाईप ए पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाईपला. रबर रिंगचा जोड साबणाच्या पाण्यानं किंवा सिलिकॉन ल्युब्रिकंटनं बसवायचा, तेल लावलं की रबर फुगतं. पूर्ण ढकलून १ सेंमी मागे घ्यायचा, वाढायला जागा राहते. नहाणी ट्रॅपभोवती (न्हाणीघराच्या जमिनीतल्या निचऱ्याच्या भांड्याभोवती) सिमेंट धरत नाही, कारण प्लॅस्टिक गुळगुळीत. स्लॅबमधून जाणाऱ्या भागावर सोल्युशन लावून वर कोरडी वाळू भुरभुरली की सिमेंटला पकड मिळते.

सिलिकॉन हे पाण्याच्या दाबासाठी नाही, सांध्यांसाठी आहे: बेसिनची कड, कमोडचा तळ, काचेचं पार्टिशन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन काच आणि टाईल्सला चालतं, पण संगमरवर, आरसा आणि पितळ-लोखंड त्यानं खराब होतं. तिथे न्यूट्रल घ्यावं. जुन्या सिलिकॉनवर नवं बसत नाही, सगळं खरवडून, कोरडं करून मगच नवीन भरावं आणि दिवसभर पाणी लागू देऊ नये. एम-सीलसारखी पुट्टी तात्पुरत्या डागडुजीला ठेवा. भिंतीत गाडायच्या जोडावर ती लावलेली दिसली तर प्लास्टर करू देऊ नका.

दुकानात आम्ही आता आधी तीन गोष्टी विचारतो: पाणी थंड की गरम, पाईप भिंतीत, उन्हात की जमिनीत, आणि पलीकडच्या टोकाला धातू आहे का. मग पाईप, मग जोडाचं सामान.

घेतलेल्या प्रत्येक कामात प्लास्टरआधी चाचणी असते. शेवटच्या जोडानंतर २४ तास जाऊ देतो, सगळ्या पॉइंटना एंड कॅप (बंद टोपण) लावतो, सर्वांत उंच पॉइंट उघडा ठेवून हळूहळू पाणी भरून हवा काढतो आणि हातपंपानं १० किलोपर्यंत दाब नेऊन एक तास दाबमापकाचा काटा बघतो. कॉम्प्रेसरची हवा भरून चाचणी कधीच करत नाही. हवेच्या दाबाखाली प्लॅस्टिक फुटलं तर तुकडे उडतात. काटा उतरला तर आधी पंपाची स्वतःची होज आणि एंड कॅपचे वायसर तपासतो, मग पितळी पॉइंट, मग एल्बो. काटा तासभर हलला नाही की चर बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढतो, फरशीपासूनची उंची टेपनं मोजून त्यावर लिहितो आणि घरमालकाला देतो; पुढे ड्रिल मारणाऱ्याला तो दाखवावा.