दार उघडणारा माणूस

लिफ्टशेजारी नवी नोटीस लागली होती. 'घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाले व पाळीव प्राणी यांनी मागची लिफ्ट वापरावी. सुसंस्कृत सभासद सहकार्य करतील अशी आशा आहे.' खाली सेक्रेटरींची सही, सोसायटीचा गोल शिक्का. दुपारची वेळ, हातात भाजीची पिशवी आणि लिफ्ट वर कुठेतरी अडकलेली. वाचायला दुसरं काही नव्हतं. त्या यादीवरून मला एकदम हान्स आठवला.

हान्स हा सॅलमँडर, म्हणजे पाण्यात राहणारा, दिसायला सरड्यासारखा प्राणी; इथले मात्र माणसासारखे बोलतात नि कामं करतात. कारेल चापेकच्या 'वॉर विथ द न्यूट्स' या 1936 सालच्या चेक कादंबरीतला. प्रयोगशाळेत मदतनीस होता, रासायनिक पृथक्करण त्याच्यावर निर्धास्त सोपवता यायचं. संध्याकाळी शास्त्रज्ञ त्याच्याशी गप्पा मारत बसायचे. पुढे त्यांच्याच प्रयोगांत तो आंधळा झाला. सॅलमँडरचं मांस खाण्याजोगं आहे का, हेही कुणीतरी बघायचं होतंच, तेव्हा हान्सला मारून शिजवला. अहवाल लिहिणारा हे सगळं अतिशय सभ्य भाषेत नोंदवतो, हान्सला मुकावं लागल्याची हळहळसुद्धा. मांस गडद निघालं, खाऊन कुणाला त्रास झाला नाही. ते पान मी जेवताना वाचत होतो. ताटाशेजारी पुस्तक ठेवायची माझी खोड आईला घालवता आली नाही, बायकोलाही नाही. चापेकनं त्या दिवसापुरती घालवली.

सुमात्राजवळच्या तानामासा बेटापाशी एका म्हाताऱ्या कप्तानाला हे प्राणी सापडतात. जहाजावर हा व्हान टॉख, मूळचा येविच्को गावचा वान्तोख. शार्कपासून वाचायला तो त्यांना सुरे देतो, ते त्याला मोती आणून देतात. दोघंही खूश. कप्तान वारल्यावर सॅलमँडर विकणारी कंपनी येते आणि त्यांची प्रतवारी लागते: मुकादमकीचे, अवजड कामाचे, टोळीतले, सटरफटर कामाचे, गाळ माल आणि अंडी. रोज भाव फुटतात.

दुसऱ्या भागाचं नाव 'संस्कृतीच्या पायऱ्यांवरून' असं काहीसं आहे. त्या पायऱ्या चढताना सॅलमँडर काय काय शिकतात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला अँडी पेपर वाचतो आणि छापून आलेली मतं जशीच्या तशी बोलून दाखवतो. लोक कौतुकानं त्याला इतका खाऊ चारतात की तो त्यातच मरतो. गलापागोस बेटांवर एक सॅलमँडर पुस्तकावरून चेक शिकलेला असतो. तो चेक प्रवाशांना गाठून चेक लोक जिथे हरले ती व्हाइट माउंटनची लढाई आणि त्यानंतरचं तीनशे वर्षांचं पारतंत्र्य याबद्दल आस्थेनं विचारपूस करतो. आपल्याला गाठलं असतं तर त्यानं पानिपत काढलं असतं, आणि आपल्यालाही गहिवरून आलं असतं. जर्मन विद्वानांचा निष्कर्ष असा की बाल्टिक समुद्रातला सॅलमँडर वर्णानं उजळ आणि चालीनं ताठ. हे 1936 साली.

मग त्यांची संख्या वाढते, उथळ किनारे पुरेनासे होतात. म्हणून ते खंडच फोडून किनारे वाढवायला घेतात. सुरुंग माणसांनीच विकलेले, आणि जमीन बुडायला लागली तरी विक्री चालूच.

माझा जीव मात्र अडकतो तो पोवोन्द्रामध्ये. प्रागमधल्या बोंडी नावाच्या उद्योगपतीच्या घरचा हा दारवान. कप्तान बोंडीकडे भांडवल मागायला पहिल्यांदा आला तेव्हा त्याला आत सोडावं की नाही, या विचारात हा पडला होता. सोडलं. पुढे आयुष्यभर हा पेपरात सॅलमँडरबद्दल आलेलं सगळं कापून ठेवतो. कात्रणांवर ना तारीख, ना पेपरचं नाव. त्यातली बरीचशी त्याची टापटिपीची बायको गुपचूप जाळून टाकते, आणि उरतील त्यांतून लेखक जगाचा इतिहास जुळवतो.

हे आमच्याकडेही चालायचं. आजोबा दुपारी ओसरीवर कात्री घेऊन बसायचे. मैद्याची खळ, जुन्या हिशेबाच्या वह्या. खळीच्या वासानं झुरळं यायची म्हणून आजीचा त्या वह्यांवर दात. चिकटवायची राहिलेली कात्रणं ती फळीवर डब्यांखाली अंथरायची. 1979 साली स्कायलॅब पडणार म्हणून गाव हवालदिल झालेलं. तेव्हाचं एक कात्रण शेंगदाण्याच्या डब्याखाली होतं. डबा अर्ध्यावर बसलेला, त्यामुळे स्कायलॅब पडणार एवढंच मला वाचता यायचं. कुठे पडणार ते डब्याखाली. डबा उचलला की आजी ओरडायची, कारण मी शेंगदाणेही खायचो. तुकडे ऑस्ट्रेलियात पडले हे कळल्यावर आजोबांचा चेहरा थोडा उतरलाच होता.

असो. म्हाताऱ्या पोवोन्द्राला एक दिवस मुलाबरोबर मासे धरताना व्ल्टावा नदीत काळं डोकं दिसतं. समुद्राचा मागमूस नसलेल्या प्रागमध्ये! तो घरी येऊन अंथरूण धरतो. हे सगळं माझ्यामुळे झालं, मी त्या कप्तानाला आत सोडायला नको होतं. कंपन्या, सरकारं, वाटाघाटींना बसलेले वकील, यांच्यापैकी कुणाच्या मनाला हे शिवतसुद्धा नाही. लाज वाटते ती दारवानाला. माझ्या लेखी त्या कादंबरीत सुसंस्कृत म्हणावा असा तो एकच.

चापेक 1938 च्या नाताळात गेला. पुढच्या मार्चमध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. भाऊ योसेफला त्याच वर्षी धरून नेलं, तो 1945 मध्ये बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत संपला.

एका मित्राला माझं पोवोन्द्राप्रेम अजिबात पटत नाही. त्याचं म्हणणं, जन्मभर दार उघडण्यापलीकडे काही केलं नाही अशा माणसाला जगबुडी तरी आपल्या नावावर लागावी असं वाटणारच. त्यातही एक ऐट असते.

असेलही. पण त्याला विचारायला कुणी गेलं नव्हतं.