आमची वाटचाल: लाकडावरचा खांदा

आमच्याकडे डुकराचा खांदा हिकरी या टणक लाकडाच्या निखाऱ्यांवरच भाजला जातो, पहिल्या दिवसापासून. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण मध्यंतरी गावात आमच्याबद्दल नको ते बोललं गेलं आणि त्याचं उत्तर मी आजवर लेखी कुठेच दिलं नाही.

2009 साली नॉर्थ कॅरोलिनाच्या पीडमाँट भागात, लेक्झिंग्टनच्या जवळपासच्या एका गावात, आम्ही नवराबायकोने बंद पडलेलं हॉटेल भाड्याने घेतलं. मी वसईचा. सणाला पोर्क इंद्याल शिजणाऱ्या घरात वाढलो, त्यामुळे डुकराचं मांस आणि सिरका यांची जोडी मला कुणी समजावून द्यायला नको होती. पण लेक्झिंग्टनमध्ये सिड वीव्हर यांनी 1919 साली कोर्टासमोर तंबू ठोकून बार्बेक्यू विकायला घेतलं, तेव्हापासूनचा हा धंदा. राज्याच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजतात, इथे फक्त खांदा. अशा ठिकाणी बाहेरच्या माणसाच्या हातचं कोण खाणार, असं बँकेतल्या साहेबांनी तोंडावर विचारलं होतं.

उत्तर आमच्या भागीदारांनी दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिटवर, म्हणजे मांस भाजायच्या विटांच्या चुलाण्यावर, राबलेले एक कृष्णवर्णीय कारागीर. या भागातल्या कितीतरी नावाजलेल्या पिटमागे अशीच माणसं उभी होती आणि त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर आलं नाही, याची मला आजही चीड येते. आमच्या भागीदारांकडे भांडवल नव्हतं, हात होते. मी अर्धी भागीदारी दिली. पिटच्या विटा त्यांनी स्वतः रचून घेतल्या, जाळी निखाऱ्यांपासून किती उंच हवी ते गुडघ्याला हात लावून दाखवलं आणि लांब दांड्याचं फावडं घरून आणलं. ते फावडं अजून वापरात आहे. पातं झिजून एका बाजूला तिरकं झालंय, पण पिटच्या कोपऱ्यातली राख त्याच बाजूने निघते. लाकूड बाजूच्या भट्टीत जाळायचं, लालबुंद निखारे फावड्याने उचलायचे आणि खांद्याच्या जाड भागाखाली जास्त, नळीकडे कमी असे पसरायचे. चरबी निखाऱ्यावर ठिबकते, तिचा धूर वर जातो आणि खरी चव तिथून येते. सरपण नुसतं पेटवून धुराचे लोट काढले तर मांस कडवट होतं.

किती तास, हा प्रश्न रोज येतो. आमचा अख्खा खांदा पंधरा-सोळा पाउंडांचा असतो आणि निखाऱ्यांची थेट धग मिळाली की साधारण नऊ-दहा तासांत उतरतो. घरच्या स्मोकरमध्ये 225 फॅरनहाइटवर (107 सेल्सिअस) नुसता वरचा भाग, म्हणजे बट, ठेवलात तर पाउंडामागे दीड ते दोन तास धरा. आठ पाउंडांच्या तुकड्याला बारा ते सोळा तास जातात. आणि मध्ये तो अडणारच. आतलं तापमान 150 ते 170 फॅरनहाइटच्या दरम्यान पोचलं की तासन् तास हलत नाही, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं आणि माठासारखं मांस स्वतःला गार ठेवतं. त्या वेळी आच वाढवायची नाही. कागदात गुंडाळलंत तर वेळ वाचतो, पण वरची काळी खरपूस साल मऊ पडते. आमचं गिऱ्हाईक ‘ब्राऊन जास्त’ म्हणून मागतं ते त्या सालीसाठीच, म्हणून आम्ही गुंडाळत नाही. खाण्यासाठी सुरक्षित व्हायला पोर्कला 145 आणि तीन मिनिटं पुरतात. पण खांद्यातले चिवट धागे विरघळून मऊ व्हायला 195 ते 205 लागतात. थर्मामीटर आहेच, तरी आमचे भागीदार फऱ्याचं हाड दोन बोटांत धरून फिरवायचे. ते कोरडं, स्वच्छ निघून हातात आलं की खांदा उतरवायचा.

आता त्या गोष्टीकडे येतो.

रस्त्याच्या पलीकडे एक नवं दुकान उघडलं. गॅसची भट्टी, बटण दाबलं की काम सुरू, रात्री कुणी जागायला नको. दाराशी शोभेला लाकडाची चळत, तिला कधी कुणी हात लावला नाही. दर आमच्यापेक्षा कमी. असणारच. खांदा शिजून उतरेपर्यंत वजन जवळजवळ निम्म्यावर येतं, त्यात आमचं लाकूड आणि रात्रपाळीचा पगार. तेवढ्यावर थांबते तर मी काही बोललो नसतो. पण त्यांनी आमचा तयार केलेला पोरगा जास्त पगारावर उचलला आणि आमच्या मांसाला मसाल्याचा वास येतो, आम्ही मागच्या दाराने गॅस वापरतो, असं पसरवलं. आमच्या खांद्याला मिठाशिवाय काही लावत नाहीत. डिपमध्ये, म्हणजे मांसावर घालायच्या पातळ सॉसमध्ये, व्हिनेगर, केचप, साखर, मीठ आणि लाल मिरचीचे तुकडे, बस्स. तरी चर्चच्या लोकांनी ऑर्डरी काढून घेतल्या. त्याच सुमारास विमा कंपनीने कळवलं की लाकडाचा पिट बंद करा, नाहीतर पॉलिसी संपली. गॅस बसवा, हप्ता कमी होईल, असंही वर सांगितलं. मांस पुरवणारा रोख मागू लागला. बायकोने वसईहून आणलेल्या बांगड्या मोडल्या, तेव्हा त्या महिन्याचं भाडं गेलं.

भागीदारांना मी विचारलं, गॅस लावायचा का? ते म्हणाले, ‘मग मी कशाला हवा?’ आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे भट्टी पेटवायला गेले.

त्या काळात एकच माणूस नेमाने येत राहिला. फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, दर गुरुवारी खिडकीजवळच्या टेबलावर, जाड कापलेलं आणि ब्राऊन जास्त. एक दिवस त्याने पिट बघायचा म्हटलं. मी मागे नेलं. त्याने भट्टीत डोकावून पाहिलं, राख चिमटीत घेऊन चोळली आणि काही न बोलता गेला. पुढच्या आठवड्यात त्याच्या चर्चच्या निधीसंकलनाची ऑर्डर आली, पैसे आगाऊ. ती बघून बाकीची चर्च परत आली. दुसऱ्या विमा कंपनीचा माणूसही त्यानेच गाठून दिला. पलीकडच्या दुकानात आता टायर विकतात.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. 2020 च्या वसंतात कत्तलखाने बंद पडले तेव्हा मांस मिळेना, पण देणं कुणाचं नव्हतं, निभावलं. भागीदार आता पिटवर येत नाहीत, त्यांचा मुलगा येतो. पाटीवर त्यांचं आडनाव आधी आहे, माझं नंतर.

या धंद्यात पडू पाहणाऱ्या आपल्या मुलांना सांगतो. हिकरी विकत घेताना दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा. टणक, खणखणीत आवाज आला तर सुकलेलं, थप्प आवाज आला तर ओलं. ओलं लाकूड स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका. सत्तूर जड घ्या, दोन घ्या आणि मेपलच्या पाटावर कापा. खांदा उतरल्यावर लगेच तोडू नका, निदान तासभर टॉवेलात गुंडाळून बंद पेटीत ठेवा, फक्त 140 फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नका. आणि गिऱ्हाइकाला जेवणाची वेळ सांगताना दोन तास हाताशी ठेवून सांगा, कारण तयार खांदा पेटीत थांबतो, अडलेला खांदा तुमच्यासाठी घाई करत नाही.