सतरा इंची मॉनिटर आणि कॉम्प्युटरच्या तीन पिढ्या

२००७ साली घेतलेला माझा सतरा इंची मॉनिटर अजून टेबलावर आहे. १२८० बाय १०२४ ठिपक्यांचा (पिक्सेलचा), म्हणजे जवळपास चौरसच. मी मुद्रितशोधनाची कामं घेतो आणि पुस्तकाचं अख्खं पान यावर न सरकवता दिसतं. हल्लीच्या लांबट स्क्रीनवर पान मधोमध आणि दोन्ही बाजूंना नुसतं मैदान. म्हणून हा टाकवत नाही. अडचण एवढीच की मागे कॉम्प्युटरची केबल लावायला फक्त निळं व्हीजीए तोंड आहे, आयबीएमने १९८७ मध्ये आणलेलं, पंधरा पिनांचं.

जुन्या डेस्कटॉपला काही प्रश्नच नव्हता. केबल लावायची, दोन स्क्रू आवळायचे. अक्षरं पुसट दिसली तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबायचं. सिग्नल ॲनालॉग, म्हणजे आकड्यांचा नव्हे तर विजेच्या सलग चढउताराचा, त्यामुळे चित्र थोडं इकडेतिकडे सरकतं. या बटणाने मॉनिटर ते पुन्हा जुळवून घेतो.

डेस्कटॉप गेला आणि लॅपटॉप आला. त्याला फक्त एचडीएमआय, नव्या टीव्हीला असतं ते चपटं तोंड. पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो, ‘व्हीजीए-एचडीएमआय द्या’ म्हणालो आणि एक डबी घेऊन आलो. घरी लावायला गेलो तर तोंडंच जुळेनात. खटपट करून, आणखी एक जोडणी मध्ये घालून लावली. स्क्रीन काळीच. दोन तास मी मॉनिटरला शिव्या घातल्या. मुलगा आला, डबी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, “बाबा, ही जुना कॉम्प्युटर नव्या टीव्हीला लावायची आहे. आपलं उलटं आहे.”

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. एचडीएमआयमधून डिजिटल आकडे येतात आणि व्हीजीएला ॲनालॉग सिग्नल लागतो. मधल्या डबीतली चिप हे रूपांतर करते, आणि ते एकाच दिशेने. त्यामुळे दुकानात नुसती दोन टोकांची नावं सांगून भागत नाही, कुठून कुठे जायचंय ते सांगावं लागतं. (जवळ डीव्हीआय या डिजिटल तोंडाचा मॉनिटर असता तर साध्या केबलवर निभावलं असतं. त्याचा आणि एचडीएमआयचा चित्राचा सिग्नल मुळात एकच.) दुसऱ्या दिवशी बरोबर डबी आणली आणि चित्र आलं. आवाज अर्थातच नाही, व्हीजीएतून तो जातच नाही.

यंदा नवा लॅपटॉप घेतला. त्याला दोन यूएसबी-सी. या वेळी शहाणा होऊन यूएसबी-सी ते व्हीजीए ॲडॉप्टर मागितला. तरी एका पोर्टात काही दिसेना. दोन्ही भोकं दिसायला सारखी, पण डिस्प्लेचा सिग्नल एकातूनच बाहेर पडतो. शेजारी बारीक खूण होती, चष्म्याशिवाय न दिसणारी. दुसऱ्यात लावलं, चित्र आलं, पण १०२४ बाय ७६८. अक्षरं उभट आणि धुरकट. सेटिंगमध्ये १२८० बाय १०२४ हा पर्यायच नाही. वेलांटी आणि रफार बघायचं काम असं कसं करणार?

आता मात्र मी मॉनिटरला दोष दिला नाही. मॉनिटर आपली क्षमता कॉम्प्युटरला कळवतो ती व्हीजीएच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून. ॲडॉप्टरबरोबर फुकट मिळालेली केबल बारीक होती, तिच्यात बहुधा त्या तारा नसाव्यात. कॉम्प्युटरला समोर कोण आहे ते कळत नाही, मग तो कुठल्याही मॉनिटरला झेपेल असं काहीतरी पाठवतो. माळ्यावरून मॉनिटरची मूळ जाड केबल काढली, धूळ झटकली, लावली. १२८० बाय १०२४ आपोआप आलं. ‘ऑटो’ एकदा दाबलं. रफार जागेवर.

त्या केबलला आता पांढरी चिकटपट्टी लावली आहे आणि वर लिहिलं आहे: ‘ही भंगारात देऊ नये.’