दोन बाइट कमी पडत होते

काल रात्री पिंगला (नेटवर्क चालतंय का हे पाहायची हाक) उत्तर आलं! जुना व्हर्टआयओ-नेट (व्हर्च्युअल मशीनमधलं नेटवर्क कार्ड) ड्रायव्हर, त्यातली एकही ओळ न बदलता, आपल्या कर्नलच्या नव्या डिव्हाइस लेयरवर चालला. त्याआधीचे अकरा दिवस मात्र जीव नकोसा झाला होता.

मागच्या नोंदीतला घोळ, म्हणजे मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा सहा बाइटांचा पत्ता) चार बाइट सरकून वाचला जाण्याचा, लगेच सुटला. जुन्या पोर्ट-इंटरफेसवर एमएसआय-एक्स (डिव्हाइसने इंटरप्ट पाठवायची एक पद्धत) चालू केलं की डिव्हाइसचं कॉन्फिग २० ऐवजी २४ व्या ऑफसेटपासून सुरू होतं. तेव्हाच ठरवलं की शिमने (जुना ड्रायव्हर आणि नवा लेयर यांच्यामधला दुभाषी कोड) ड्रायव्हरला जुने पोर्ट भासवायचे आणि आतून सगळं नव्या मेमरी-मॅप्ड इंटरफेसवर न्यायचं. डिस्कचा ड्रायव्हर पहिल्याच बूटला चालला. मी तीन वेळा रीबूट करून पाहिलं, निव्वळ आनंदासाठी.

नेटवर्क मात्र ढिम्म. इंटरप्ट येतायत, यूज्ड इंडेक्स (डिव्हाइसने किती बफर वापरून झाले याचा आकडा) पुढे सरकतोय, एरर कुठेच नाही आणि एआरपीला (आयपी पत्त्यावरून मॅक विचारणारं पॅकेट) उत्तर नाही. आधी मेमरी बॅरिअरवर (मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम राखणाऱ्या सूचना) संशय घेतला, मग एमएसआय-एक्सच्या व्हेक्टरवर. जीडीबी या डीबगरमध्ये पॅकेट ड्रायव्हरच्या बफरमध्ये अगदी नीट दिसायचं. शेवटी क्यूएमू या एम्युलेटरचा, पॅकेट फाइलमध्ये नोंदवणारा फिल्टर-डंप लावला (असल्या कामाला याच्यासारखं दुसरं साधन नाही, पहिल्याच दिवशी लावा) आणि फाइल वायरशार्क या पॅकेट पाहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. पॅकेटच्या सुरुवातीला असणाऱ्या ब्रॉडकास्टच्या (सगळ्यांना उद्देशून) पत्त्यात एफएफ सहा वेळा हवा. तिथे चारच होते आणि लगेच ५२ ५४ ०० १२ ३४ ५६, म्हणजे माझा स्वतःचा मॅक. पॅकेटचे अगदी सुरुवातीचे दोन बाइट डिव्हाइसने गिळले होते.

कारण कळलं तेव्हा दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. जुन्या पद्धतीत, मर्ज होणारे रिसीव्ह बफर (एक पॅकेट अनेक बफरमध्ये घेण्याची सोय) मागितले नाहीत तर, पॅकेटच्या आधी लागणारा व्हर्टआयओचा नेटवर्क हेडर १० बाइटांचा असतो. व्हर्जन-१ चं फीचर (नव्या पद्धतीने बोलायची ड्रायव्हरची कबुली) मान्य केलं की तो कायम १२ बाइटांचा. म्हणून डिव्हाइसने हेडर समजून पॅकेटचे दोन बाइट उचलले. हे फीचर म्हणजे ३२ वा बिट, आणि जुन्या ड्रायव्हरचं फीचर-फील्डच ३२ बिटांचं, ० ते ३१. त्याला तो बिट दिसणारच नाही. माझा बस-लेयर (डिव्हाइसशी बोलणी करणारा थर) मात्र त्याच्या वतीने परस्पर हो म्हणून मोकळा झाला होता.

फंक्शनच्या सह्या (सिग्नेचर, म्हणजे नाव आणि पॅरामीटर) जुळल्या की सुसंगतता झाली, असं मी धरून चाललो होतो. ते चूक आहे. ड्रायव्हरच्या नावाने जो बिट शिम स्वीकारेल, त्याने बदलणारी प्रत्येक मांडणी शिमनेच निस्तरली पाहिजे. कर्नलच्या आतला इंटरफेस स्थिर ठेवण्याची हमी लिनक्स देत नाही, आणि ते का हे आता पटतं. पण त्यांचे ड्रायव्हर त्यांच्याच सोर्स-कोडच्या झाडात असतात, त्यामुळे बदल झाला की तेही सोबतच बदलता येतात. आपल्या सातपैकी तीन ड्रायव्हर लिहिणारे आता इकडे फिरकत नाहीत, म्हणून जुनं मोडायचं नाही यावर मी ठाम आहे.

कालचा उपाय ओबडधोबड आहे. अख्खं पॅकेट दुसऱ्या बफरमध्ये कॉपी करून मध्ये दोन शून्य बाइट घालतो. पण हे लिहितानाच सुचलं की जुन्या नियमानुसार हेडर स्वतंत्र डिस्क्रिप्टरमध्येच (बफर मेमरीत कुठे आहे हे डिव्हाइसला सांगणारी नोंद) असतो! मग शिमने फक्त तो डिस्क्रिप्टर स्वतःच्या १२ बाइटांच्या जागेकडे वळवायचा, पॅकेटला हातही लावायचा नाही. रिसीव्हला उलट, हेडरचे पहिले १० बाइट ड्रायव्हरच्या जागी परत ठेवायचे. त्यामुळे सिरीयल पोर्टचं काम थांबवलंय, आज रात्री हेच करतो.