साठ मुळं, तीन डिश

प्रोजेक्ट अगदी साधा होता. पाण्यातलं मीठ वाढलं की मोहरीच्या कोवळ्या मुळाची वाढ किती खुंटते, ते बघायचं. चार पातळ्या: नुसतं पाणी, मग 50, 100 आणि 150 मिलिमोलर (पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणाचं एकक) मीठ. प्रत्येक पातळीला तीन पेट्री डिश, प्रत्येक डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर मोड आलेल्या 20 बिया. सातव्या दिवशी मोजणी. मुळं सरळ वाढत नाहीत, त्यामुळे प्रत्येक मुळावरून दोरा फिरवायचा आणि तो पट्टीवर ताणून धरायचा. 240 वेळा. मान आखडली, पण आलेख असा सुरेख उतरला की मी तो मोबाइलच्या स्क्रीनवर लावला.

तेव्हा मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. विद्यापीठात विद्यार्थीच चालवतात असं एक विज्ञानाचं जर्नल होतं. संपादक, परीक्षक, मांडणी, सगळी मुलंच. प्राध्यापक फक्त सल्ल्याला. तिथे पेपर पाठवायचं ठरवलं.

आधी गाईड मॅडमची परवानगी. त्यांनी एकच विचारलं, "यात माझ्या कामातला डेटा नाही ना?" प्रश्न रास्त होता. एकदा छापून आलेला डेटा बहुतेक जर्नल्स पुन्हा घेत नाहीत, आणि मुलांच्या अंकात छापलं तरी ते छापलंच. माझं काम त्यांच्या कामापेक्षा वेगळं होतं, म्हणून सही मिळाली. ज्यांचं काम वेगळं नसतं त्यांनी हे आधीच बोलून घ्यावं. माझ्या एका मैत्रिणीचा तयार पेपर याच कारणाने कपाटात पडून आहे.

पेपर पाठवला आणि तासाभरात परत आला. परीक्षकाला लेखक कळता कामा नये, असा नियम. पहिल्या पानावरचं नाव मी काढलं होतं, पण फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ते तसंच होतं.

सहा आठवड्यांनी दोन अभिप्राय आले. पहिला चार ओळींचा: छान लिहिलंय, संदर्भ एकसारखे करा. असा अभिप्राय वाचून बरं वाटतं, उपयोग काडीचा नाही. दुसरा दोन पानी. मी नमुन्यांची संख्या 60 लिहिली होती. त्यावर परीक्षकाचं म्हणणं: एका डिशमधली 20 रोपं एकाच कागदावर, एकाच पाण्यात, कागद वाळला तर सगळ्यांनाच फटका. मग हे 60 स्वतंत्र नमुने कसे? हे तीन आहेत. खाली आणखी एक ओळ: "एका पातळीच्या तिन्ही डिश इन्क्युबेटरच्या (ठरावीक तापमान राखणाऱ्या कपाटाच्या) एकाच कप्प्यात होत्या का?"

होत्या. शोधायला सोपं जावं म्हणून. 150 च्या तिन्ही वरच्या कप्प्यात, पंख्याशेजारी, जिथे कागद सगळ्यात लवकर वाळायचा. म्हणजे मुळं मिठाने खुंटली की कोरडेपणाने, हे माझा डेटा सांगूच शकत नव्हता.

दोन दिवस मी चिडून होते. मग वाचलं. स्वतंत्र नसलेले नमुने स्वतंत्र म्हणून मोजायचे, या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये परिसरशास्त्रातले 176 प्रयोग तपासले, तर त्यातल्या 27 टक्क्यांत हीच गफलत निघाली. तीही छापून आलेल्या. तेवढाच धीर आला.

प्रयोग पुन्हा केला. आता प्रत्येक पातळीला सहा डिश. 24 चिठ्ठ्या करून कोणती डिश कुठे ते ठरवलं, रोज जागा बदलल्या. 20 मुळांची सरासरी काढून एका डिशचा एकच आकडा धरला. आलेखात प्रत्येक सरासरीवर एक उभी रेघ असते, ती सरासरी किती डळमळीत आहे ते दाखवते. ती काढायला आधी मी प्रमाण विचलनाला, म्हणजे आकडे किती पसरलेत त्याच्या मापाला, 60 च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळजवळ आठने भागलं होतं. आता सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे अडीचनेसुद्धा नाही. आलेखावरच्या त्या इवल्याशा देखण्या रेघा का देखण्या होत्या, ते कळलं. 150 ला मुळं खुंटलेली दिसलीच. 100 चा फरक मात्र टिकला नाही, आणि माझ्या सारांशातलं पहिलं वाक्य नेमकं त्याच्यावर उभं होतं. खोडलं.

उत्तराच्या पत्राचा माझा पहिला मसुदा भांडणाचाच होता. मॅडमनी त्यातली निम्मी वाक्यं काढली आणि सांगितलं, मुद्द्याखाली मुद्दा लिही, काय बदललं आणि कोणत्या पानावर, बस्स. पंधरा दिवसांत पेपर स्वीकारला गेला.

पुढच्या वर्षी मी त्याच जर्नलच्या परीक्षकांत गेले. तो दोन पानी अभिप्राय कोणाचा होता, हे तिथेही कोणी सांगितलं नाही. काहीजण माझ्याहून लहान होते, त्यांच्यातलाच कोणी असावा असा मला दाट संशय. माझ्याकडे आलेला पहिला पेपर बुरशीवरचा होता. आलेख सुरेख, रेघा इवल्याशा. मी थेट पद्धतीचा भाग उघडला आणि पहिला प्रश्न टाइप केला: "डिश कोणत्या कप्प्यात ठेवल्या होत्या?"