टेरियरचं पिल्लू आणण्याआधी मांडलेला हिशेब

टेरियर आणायचं ठरलं तेव्हा घरात एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: कुत्रं लहान, म्हणजे खर्चही बेताचा. घरचा जमाखर्च मी बघते, त्यामुळे पिल्लू येण्याआधी आकडे मांडायचं काम माझ्याकडे आलं. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला कुत्र्याच्या वजनावर ठरणारे खर्च, दुसऱ्या बाजूला वजनाशी काही संबंध नसलेले.

पहिली बाजू लवकर संपली. खाणं, गोळ्या-औषधं आणि काही प्रमाणात गोचीड-पिसवांचं औषध. दुसरी बाजू मात्र लांबतच गेली. लसीचा डोस पाच किलोच्या कुत्र्याला आणि चाळीस किलोच्या कुत्र्याला सारखाच असतो. डॉक्टरांची तपासणी फी तीच, ओळख पटवण्यासाठी कातडीखाली बसवायची मायक्रोचिप तीच. भूल देऊन काही करायचं झालं तर यंत्रं आणि माणसंही तेवढीच लागतात. शिवाय छोट्या जातीची कुत्री जगतात जास्त. टेरियर बारा-पंधरा वर्षं सहज साथ देतो, ही आनंदाची गोष्ट आहेच, पण हिशेबही तेवढ्या वर्षांचा धरायला हवा.

मग जात निवडताना पिल्लाच्या किमतीपेक्षा या पुढच्या वर्षांचा विचार केला. यॉर्कशायर टेरियर जेमतेम तीन किलोचा, पण त्याचे केस वाढतच राहतात. रोज विंचरणं आणि ठरावीक आठवड्यांनी ग्रूमिंग हा आयुष्यभराचा खर्च. वेस्टी, म्हणजे वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर, आम्हाला फार आवडला होता, पण त्या जातीत त्वचेच्या ॲलर्जीचं प्रमाण बरंच आहे आणि ॲलर्जीचे उपचार वर्षानुवर्षं चालतात. शेवटी आखूड, गुळगुळीत केसांचा जॅक रसेल टेरियर नक्की केला. ब्रशने घरच्या घरी काम भागतं. या जातीत डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार असतो आणि त्याची डीएनए चाचणी करता येते. ब्रीडरकडे, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याकडे, आई-वडिलांचे रिपोर्ट मागितले, पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहिली. रिपोर्ट दाखवणाऱ्या ब्रीडरचं पिल्लू महाग पडलं. तो फरक मी बिनतक्रार दिला, आणि आज विचारलं तरी देईन.

पहिल्या वर्षाचा खर्च एकसारखा येत नाही, हे बजेट करताना फार महत्त्वाचं. सुरुवातीचे महिने जड असतात. लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात. त्यात पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांच्या लसी आल्या, पुढे रेबीजची लस आली. जंताचं औषधही सुरुवातीला वरचेवर द्यावं लागतं. नंतर नसबंदी. म्हणून वर्षाच्या खर्चाला बाराने भागून महिन्याचा आकडा काढला नाही. पहिल्या चार महिन्यांची रक्कम पिल्लू येण्याआधीच बाजूला ठेवली. लसी परवडत नाहीत म्हणून लांबवल्या आणि पार्व्हो झाला, तर दवाखान्यात दाखल करून सलाईनवर ठेवायचा खर्च लसींच्या कितीतरी पट असतो. आणि पिल्लू वाचेलच असं नाही. या ओळीवर काटकसर करायचीच नाही, असं ठरवून टाकलं.

सामानात मात्र मन आवरलं. क्रेट, म्हणजे झोपायचा पिंजरा, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या मापाचा घेतला, मध्ये जाळी लावून जागा कमी-जास्त करता येते. हार्नेस, म्हणजे फिरवताना छातीला बांधायचा पट्टा, स्वस्तातला, कारण दोन-तीन वेळा माप बदलणारच होतं. चांगलं अंथरूण दात बदलून होईपर्यंत आणायचंच नाही. तोवर जुनी चादर.

खाण्याचं गणित सगळ्यात मनोरंजक निघालं. मोठं पोतं घेतलं की किलोमागे स्वस्त पडतं, म्हणून मीही पंधरा किलोचं पोतं धरून चालले होते. पण पूर्ण वाढलेला सहा किलोचा कुत्रा दिवसाला साधारण शंभर ग्रॅम कोरडं खाणं खातो, म्हणजे महिन्याला तीन किलो. पंधरा किलोचं पोतं पाच महिने पुरणार, आणि एकदा फोडलं की त्यातली चरबी खवट व्हायला लागते. दीड महिन्यात संपेल एवढंच पाकीट घ्यायचं, हे पक्कं केलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून घालते. बक्षिसाचे तुकडे दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत. प्रशिक्षणाच्या काळात तर रोजच्या खाण्यातलेच दाणे बाजूला काढून बक्षीस म्हणून दिले, वेगळी पाकिटं लागलीच नाहीत.

घरातल्या कुणाच्याच यादीत नसलेला खर्च होता तो सोबतीचा. पिल्लू लघवी किती वेळ रोखू शकतं याचा ढोबळ अंदाज म्हणजे वयाच्या महिन्यामागे एक तास. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसभर एकटं ठेवता येत नाही. त्यात टेरियर हा बिळातल्या प्राण्यांमागे जाण्यासाठी घडवलेला कुत्रा. त्याला काम दिलं नाही तर तो उकरतो, कुरतडतो, भुंकतो. दुपारी येऊन फिरवणारी व्यक्ती ही आमच्या महिन्याच्या बजेटमधली सर्वांत मोठी ओळ ठरली, खाण्यापेक्षाही मोठी. लहान कुत्रं घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा आधी काढायला सांगते. दिवसभर घरी कोणी असेल तर गणित पूर्ण बदलतं.

विम्याबद्दल घरात बरीच चर्चा झाली. सगळ्या योजनांचे नियम वाचले तेव्हा दोन गोष्टी पुन्हापुन्हा दिसल्या: आधीपासून असलेला आजार धरला जात नाही, आणि पॉलिसी सुरू झाल्यावर काही दिवस थांबावं लागतं. म्हणजे घ्यायचा तर पिल्लू निरोगी असतानाच. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकते. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा बिघडून ते झिजण्याचा आजारही याच जातींत, बहुधा वर्षाच्या आत दिसतो. दोन्हींत शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणून विमा घेतला. पण बऱ्याच योजनांत बिल आधी आपण भरायचं असतं, शिवाय बिलातली ठरलेली रक्कम आपल्याच खिशातून जाते. तेव्हा विम्याच्या जोडीला दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकते. त्या खात्याला घरात कुणी हात लावत नाही.

नसबंदीच्या आधी डॉक्टरांनी तोंड तपासलं, तर दुधाचा एक सुळा पडलाच नव्हता आणि शेजारी पक्का सुळा आला होता. छोट्या कुत्र्यांत हे नेहमीचं आहे. डॉक्टर म्हणाल्या, त्याच भुलीत काढून टाकू. भुलीचा खर्च एकदाच लागला, आणि दात काढायचे पैसे त्या खात्यातून दिले.

आता तो वर्षाचा झाला आहे. पिल्लांचं खाणं बंद होऊन मोठ्यांचं सुरू झालं, लसींची ओळ वर्षातून एकदाची झाली. तिथे जे पैसे सुटले ते मी दातांच्या ओळीत टाकलेत. छोट्या जबड्यात बेचाळीस दात दाटीने बसतात आणि हिरड्यांचे आजार लवकर धरतात. रोज ब्रश करतो, तरी कधी ना कधी भूल देऊन दात स्वच्छ करावे लागतील, आणि तो खर्च वजनावर ठरणार नाही.