आमची वाटचाल : लांबत गेलेला करारनामा

फर्म सुरू केली तेव्हा ग्राहकाशी होणारा करार एका पानात मावायचा. महिन्याला पोस्ट किती, पैसे कधी, बिल कोणाच्या नावाने, संपलं. आज तोच करार नव्या ग्राहकापुढे ठेवला की तो आधी पानं मोजतो आणि मग आमच्याकडे बघतो. डिजिटल मार्केटिंगमध्ये कधी कोण काय मागेल याचा नेम नाही. 'नाही' म्हणायचं तर ते आधीच लेखी असलेलं बरं, म्हणून एकेक कलम वाढत गेलं.

सगळ्यात जुनं कलम याद्यांचं. ग्राहक एक्सेल फाइल पाठवतो : नावं, मोबाइल नंबर, काहींच्या तर जन्मतारखाही. "टाका सगळ्यांना मेसेज." एका फाइलमध्ये सुरुवातीला आडनाव आधी होतं, पुढे नाव आधी आलं, मग नुसतेच नंबर. वेगवेगळ्या ठिकाणच्या याद्या एकाखाली एक चिकटवल्यात हे उघड दिसत होतं. आम्ही दोन रिकामे कॉलम जोडून फाइल परत केली : संमती कधी दिली आणि कशासाठी दिली. ती फाइल पुन्हा आलीच नाही.

"नंबर काय, सगळ्यांकडेच असतात," हे उत्तर ठरलेलं. असतील, पण बिलासाठी दिलेला नंबर जाहिरातीसाठी दिलेला नसतो. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा, हेच सांगतो. त्यातल्या दंडाची कमाल मर्यादा २ कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी मोठी ती. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही मुख्यतः संमतीवरच उभा आहे. आणि संमती म्हणजे काय, यावर युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला प्लॅनेट फोर्टीनाइन या जर्मन ऑनलाइन कंपनीच्या प्रकरणात स्पष्टच सांगितलं : आधीच टिक करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे. आमच्या फॉर्मवरच्या चौकटी रिकाम्या असतात. त्यामुळे यादी हळू वाढते आणि ग्राहक कुरकुरतो. पण यादीत जे येतात ते मेसेज उघडून वाचतात, ब्लॉक करत नाहीत.

रिव्ह्यूंवरून मात्र खरी वादावादी होते. पाच तारे विकत मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे आणि "समोरचा करतो, मग आपण का नाही?" याला तोंडी उत्तर देऊन कोणी ऐकत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या रिव्ह्यूंविरुद्धचा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाला, तेव्हापासून आम्ही तोच पुढे करतो. त्यात खोटे रिव्ह्यू विकणं आणि विकत घेणं दोन्ही बंद आहे. त्याहून कामाची गोष्ट पुढे आहे : चांगलंच लिहिण्याच्या अटीवर बक्षीस देणं, धाकदपटशा करून वाईट रिव्ह्यू दाबणं, हेही त्यात येतं. "चांगला रिव्ह्यू द्या, सूट मिळवा" हे पोस्टर कितीतरी जण निरागसपणे छापतात. आम्ही त्यातला 'चांगला' हा शब्द काढायला लावतो आणि सूट दिल्याचं रिव्ह्यूत दिसलं पाहिजे, असं सांगतो. यावर काही ग्राहक गेले. जाऊ देत.

इन्फ्लुएन्सरचं कलम छोटं आहे. पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर 'जाहिरात' हा शब्द दिसला पाहिजे, तोही वरच. भारतात जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार तो खुलासा 'आणखी पाहा' न दाबता दिसायला हवा. हॅशटॅगच्या ढिगात शेवटी कोंबलेला चालत नाही. फोटो आणि गाण्यांबद्दल एवढंच : इंटरनेटवर सापडलं म्हणून फुकट झालं असं नसतं. परवान्याची प्रत फाइलला लागल्याशिवाय आमच्याकडे पोस्ट पुढे सरकत नाही.

मग आली घड्याळं. "ऑफर संपायला १४ मिनिटं ५९ सेकंद" असं लाल अक्षरांत धावणारं घड्याळ एका ग्राहकाला हवं होतं. नमुना म्हणून त्याने जे पान दाखवलं ते आम्ही त्याच्यासमोरच रिफ्रेश केलं आणि घड्याळ परत पंधरा मिनिटांवर आलं. तो हसला, आम्हीही हसलो. पण घड्याळ लावलं नाही. अशा युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव ब्रिटनमधले वेबसाइट-डिझाइनचे जाणकार हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये दिलं आणि भारत सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ प्रकारांची यादीच जाहीर केली. खोटी घाई त्या यादीत आहे आणि सहज घेता येतं पण सोडता सोडवत नाही असं सबस्क्रिप्शनही आहे. ऑफर खरंच रात्री बारा वाजता संपणार असेल तर घड्याळ आनंदाने लावतो.

एक कलम कोणत्याही कायद्याने मागितलेलं नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. ग्राहकाचं पेज आणि जाहिरातीचं खातं त्याच्याच ईमेलवर उघडायचं, आम्हाला फक्त कामापुरता अ‍ॅक्सेस. या धंद्यात पासवर्ड अडवून थकबाकी वसूल करणारे आहेत. आम्ही थकबाकीसाठी नोटीस पाठवतो, पेज ओलीस ठेवत नाही.

सध्या भांडण एआयच्या चेहऱ्यांवरून आहे. अस्तित्वातच नसलेली बाई कॅमेऱ्यात बघून सांगते, "मला आठवड्यात फरक पडला." कृत्रिम चित्र आणि आवाज तसे असल्याचं सांगण्याची तरतूद युरोपच्या २०२४ च्या एआय कायद्यात आहे, पण आमची हरकत त्याच्याही आधीची आहे : जिने वापरलंच नाही तिला फरक कसा पडेल? 'एआयने बनवलेलं' अशी पट्टी लावली तरी ती साक्ष खोटीच राहते. वस्तू दाखवायला, पार्श्वभूमी बदलायला, निवेदनाचा आवाज द्यायला एआय चालेल. अनुभव सांगायला माणूस लागेल आणि त्याची लेखी परवानगीही. या कलमाचा मसुदा वकिलांकडे आहे. तोवर तसं काम आलं तर आम्ही ते घेत नाही.